वाय गुणसूत्रातला नसलेला तुकडा

९ जून २०२४, रविवार
राजेश्री म्हणाली, तुमीबी एकदा तपासून घ्या. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी मानवतच्या ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो. पुनरुत्पादनाचा चॅप्टर तोंडपाठ. मला काय तपासायचंय? तरी तिच्या समाधानासाठी परभणीला जाईन. पुढच्या आठवड्यात नक्की.

२ जुलै
गेलो नाही. ॲडमिशनची गडबड. आई राजेश्रीला जिंतूरच्या वैद्याकडे घेऊन गेली. लय कडू काढा दिलाय. मी म्हणालो, घे, साईड इफेक्ट नसतो. तेव्हापासून राजेश्री बोलत नाही. स्वभावच तसा.

१३ जुलै
शेवटी परभणीला जाऊन वीर्याचं सॅम्पल दिलं होतं. रिपोर्टमध्ये शुक्राणू निल! लॅबवाल्यानं बाटल्या बदलल्या, उघड आहे. घरी सांगितलं, रिपोर्ट यायचाय.

२० जुलै
दुसऱ्या लॅबमध्येही निल. पण कारण सापडलं. मोटरसायकलची तापलेली सीट आणि टाईट पँट! उद्यापासून बस, ढगळ पायजमा, खजूर, पहाटे फिरणं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. दसऱ्यापर्यंत कोट्यवधी.
परभणीचे डॉक्टर उगीच जीन टेस्ट करा म्हणाले. रक्त देऊन आलो.

४ ऑगस्ट
फिरणं बंद, चिखल आहे. खजूर आईनं पाहुण्यांना दिले. काल स्टाफरूममध्ये नुसत्या येरझाऱ्या. नागनाथ सर म्हणाले, बसा की. बसवत नाही.

१७ ऑगस्ट
मी नको म्हटलं तरी राजेश्री सोबत आली. डॉक्टर म्हणाले, वाय गुणसूत्राचा एक तुकडाच नाही, जन्मापासून. त्यातल्या जनुकांशिवाय शुक्राणू बनवणाऱ्या मूळ पेशी टिकतच नाहीत. मी विचारलं, खजूर वाढवू का? म्हणाले, खजुरानं गुणसूत्र बदलत नाही.
बसमध्ये राजेश्री एवढंच बोलली, आता काढा बंद.
आईला मीच सांगणार. उद्याच. शास्त्रीय भाषेत, ठामपणे.

१८ ऑगस्ट
जेवताना सांगितलं. गुणसूत्र, जनुकं, मूळ पेशी, सगळं मुद्देसूद. आईनं मन लावून ऐकलं. मग म्हणाली, म्हंजे राजेश्रीला आता कोणत्या डाक्टरला दाखवायचं?
मी पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो.
राजेश्री म्हणाली, आई, मला काहीच झालं न्हाई. यांच्यात हाय ते.
आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.
खाल्ली.