गुडघ्यातला बंध

बोरी, आश्विन वद्य चतुर्थी

गेल्या वर्षी दुखावलेला गुडघा आज पुन्हा सरकला. शरीरशास्त्राच्या पुस्तकातल्या चित्रात मांडीचं हाड नडगीवर धरून ठेवणारे दोन बंध आहेत, एकमेकांवरून आडवे गेलेले. तुटलेला बंध चोळून जुळत नाही. मी मात्र दिराच्या सांगण्यावरून वर्षभर तेल चोळत बसले.

जाऊ आज रागात बोलून गेली, "परभणीच्या डागदरानं तवाच यांना सांगितलं व्हतं, बंद तुटलाय, हैदराबादेत नेऊन शिवून घ्या म्हून!"

दिराला विचारलं. त्यानं मान खाली घातली. "वैनी, मांडीपस्तोर पाय उघडा टाकून परक्या गड्यांपुढं निजवायचं तुमाला? लोक काय म्हनले असते?"

आता तो बंध शिवता येईल का? कोण जाणे. आमचे हे असते तर त्याच दिवशी गाडी जुंपून निघाले असते. पाय माझा होता. मला नुसतं विचारलंसुद्धा नाही.