डाव्या बाजूचं भोक

सातपूर, मंगळवार

प्रिय वेदिका,

रविवारी तुझ्या कॉलेजातला दिनेश येऊन तुझी बाईक घेऊन जाईल, त्याने ती विकत घ्यायचं ठरवलंय, एवढा तुझा मेसेज मिळाला. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तू बोलत राहतेस आणि मी हं हं करते. म्हणून कागद घेतला.

अण्णांना जाऊन पन्नास दिवस झाले. त्यांचे कपडे मी अजून कोणाला दिले नाहीत. सोमाकाका अण्णांशी गप्पांच्या जुन्या सवयीने संध्याकाळी येतात, चहा घेतात आणि तुझी चौकशी करतात. "वेदी गाडी पुण्याला नेणार का गं?" मी कशी आहे ते विचारत नाहीत. मी समोर दिसते, म्हणून असेल.

दिवाळीत तू गाडी इथे सोडून गेलीस, तेव्हापासूनचं सांगते. तेरा वर्षं जुन्या मॉडेलचे क्रॅश गार्ड बाजारात मिळत नाहीत, असं तू म्हणालीस आणि अण्णा ताडकन म्हणाले, "मिळत नाहीत म्हणजे? मी मेलो का?" डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली होती. तरी सोमाकाकांच्या शेडमध्ये लेथपुढे स्टूल घेऊन बसले आणि नायलॉनचे मुठीएवढे दोन गोळे कातले. गाडी आडवी झाली तर आधी हे जमिनीला लागतात आणि इंजिन वाचतं. तीन आठवडे तेच. बत्तीस वर्षं कंपनीत टर्नर होते, पण एवढं मन लावून काम करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. माझ्या स्कूटीचा ब्रेक सहा महिने किंचाळत होता, तो त्यांना कधी ऐकू आला नाही.

इंजिनचा बोल्ट काढून तिथे लांब बोल्ट घालायचा, तो बाहेरच्या प्लॅस्टिकच्या कव्हरमधून काढायचा आणि त्यावर गोळा बसवायचा. भोक नेमकं कुठे पाडायचं ते कळावं म्हणून अण्णांनी देवघरातलं कुंकू तेलात कालवून बोल्टच्या डोक्याला लावलं. कव्हर जागेवर धरून दाबलं की आतून लाल ठिपका उमटतो. उजवी बाजू त्यांनी स्वतः केली, अचूक बसली. डावीकडे त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा कव्हर मी धरलं. "अंजे, जपून हं. वेदीची गाडी आहे," ते म्हणाले.

मी कव्हर बोटभर पुढे सरकवून दाबलं. हात घसरला नव्हता.

त्यांनी ठिपक्यावर ड्रिल चालवलं. बसवायला गेलो तर बोल्ट प्लॅस्टिकला अडला. ते भोकाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. कानस घेऊन भोक लांबट केलं आणि गोळा बसवला. संध्याकाळी फोनवर तुला म्हणाले, "डावीकडे हात हलला गं माझा, म्हातारा झालो." तू हसलीस. स्पीकर चालू होता आणि मी पोळ्या लाटत होते. आपलं काम चुकलं, असं त्यांनी आयुष्यात कोणापुढे कबूल केलं नव्हतं.

बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा गाडी चालू कर, असं तूच सांगितलं होतंस. आधी अंगणात नुसती चालू करायचे. मग रविवारी कारखाने बंद असतात तेव्हा एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर चालवायला लागले. हे तुला सांगितलं नाही. मागच्या रविवारी वळणावर खडी होती, गाडी डावीकडे आडवी झाली. गोळा घासत गेला. त्याने गाडी जरा उचलून धरली होती, म्हणून पाय सुटला. ढोपर सोलवटलं, तेवढंच. रस्त्यावर बसल्या बसल्या मला आधी तुझाच राग आला. हेसुद्धा तुझ्यासाठी केलेलं होतं. मी तुझ्या वाट्याचं वापरून वाचले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दिनेश रविवारपर्यंत थांबला नाही, कालच गाडी बघायला आला. डाव्या बाजूला वाकला आणि हसून म्हणाला, "ताई, हे भोक कोणत्या अडाण्याने पाडलं?" मी म्हटलं, "मी." अण्णा असताना जे म्हणायला हवं होतं ते त्याच्यासमोर निघालं. मग मी त्याला सांगितलं की गाडी विकली गेली. कोणी घेतली म्हणून विचारत होता, मी दार लावून घेतलं. गाडी मी ठेवून घेतेय, वेदिका. मागून काही मिळवायची मला सवय नाही, म्हणून न विचारता घेतली. कागदांवर तुझी सही लागेल, त्यासाठी शनिवारी ये. नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हणू नकोस, इथे येऊन माझ्यासमोर म्हण.

तुझीच, आणि अजून तुझ्यावर चिडलेली,
अंजलीताई