म्हाताऱ्याचा तुकडा

५ एप्रिल
आलो बाई एकदाचे! अ‍ॅबर्डीन शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून सुटका झाली. किल्ल्यातल्या माळीकामासोबत घरही मिळालंय. खिडकीतून उतरत गेलेले बागेचे टप्पे दिसतात: छाटलेल्या सदाहरित यू झाडांच्या भिंती, खाली फुलांचे लांबलचक पट्टे. डूगलच्या हृदयाला आता श्रम सोसत नाहीत. नवरोबा उन्हात बसतील, मी राबेन. दमलेय, पण खूश आहे.

९ एप्रिल
सगळ्यात खालच्या टप्प्यावर, पट्ट्याच्या टोकाला काट्याकुट्यांनी माजलेला एक तुकडा आहे. मुख्य माळी टुलॉक म्हणाला, "तो म्हाताऱ्याचा. तिथे फावडं घालायचं नाही हं, पोरी. त्याचं त्याला सोडलं की बाकीचं आपलं." कोण म्हातारा, विचारलं तर म्हणे, पाद्रीबुवा ज्याला शिव्या घालतात तो. म्हणजे सैतानच की! माझ्या आजोळीही शेताचा असा कोपरा पडीक ठेवायचे. पण रविवारी लोक बाग बघायला येणार आणि हे रान!

१२ एप्रिल
काल खणून काढला, पिवळे प्रिमरोज लावले. आज लोकांनी कौतुक केलं. टुलॉकने पाहिलं आणि पाठ फिरवली. माझी कंबर मोडलीय.

१४ एप्रिल
दुपारी डूगल खुर्चीत नव्हता. त्या तुकड्यात खणत होता! साधी किटली न उचलणारा माणूस. ओठ निळे पडलेले. म्हणाला, "अगं, तूच सुरुवात केलीस ना? आता कुणीतरी करायला नको?" ओढत घरी आणला.

१६ एप्रिल
आजही तेच. कडी लावली तर दाराला धडका मारतो. टुलॉक म्हणाला, जमीन एकदा उघडली की म्हाताऱ्याला गडी लागतो. बजावलं होतं की तुला, म्हणाला. काटेरी झुडपं परत लावून पाहिली, वाळली. झोप नाही. माझ्या हट्टापायी हा मरेल.

१७ एप्रिल
डूगलची छाती घरघरतेय. तळहात सोलवटलेत. थांबताच येत नाही म्हणतो, आणि रडतो—

१८ एप्रिल
त्याच्या हातातलं फावडं हिसकावलं. ओरडले, म्हाताऱ्या, राबायचं तर मी राबते, याला सोड. डूगल गवतावर कलंडला, शांत झोपला. ओठांवर रंग आलाय. देवा.

दुपार
वही एप्रनच्या खिशात होती. डाव्या हाताने लिहितेय. उजवी मूठ फावड्याच्या दांड्यावरून— सुटत नाही. डूगल ठणठणीत उठलाय, चहा टाकलाय, चल म्हणतो. मला फक्त जरा बसायचं होतं. पाय तुकड्याबाहेर पडत— आता डावा हातही—