साठ दिवसांची मुदत

ग्लासगो, ९ जानेवारी १९८३

ती. भाऊजी यांस,
कृ. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी ठीक आहोत. ठीक म्हणजे वीणाचा खोकला अजून गेलेला नाही आणि माझं डोकं ठिकाणावर नाही, बाकी सगळं छान. तुमचं पत्र आणि मिसरच्या राज्यघटनेवरच्या थिसिसचं चौथं प्रकरण एकाच पाकिटातून आलं. प्रकरण टाइप करायला घेतलंय. पत्राला उत्तर लिहायला मात्र चार दिवस बसते आणि उठते.

फेब्रुवारीतल्या हाफ-टर्मच्या सुट्टीत वीणाला कायमचं नॉटिंगहॅमला न्यायचं म्हणता. अहो, ऐन थंडीत? वर्षाच्या मध्येच शाळा बदलायची? इथली शाळा वेगळी, तिथली वेगळी, सुट्ट्यासुद्धा वेगळ्या. ताई गेली तेव्हा पोर पाच वर्षांची होती. तुम्ही म्हणालात, वैजू, सहा महिने सांभाळ, कैरोहून कागदपत्रं गोळा करून आलोच. त्या सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. टोमणा मारत नाहीये. बरं, मारतेय थोडासा.

तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हॉस्पिटलात सात डॉक्टरांची पत्रं टाइप करते मी, पण ते परवडले. काल वीणा माझ्या शेजारी बसून पानं लावत होती. कुठेतरी केअरटेकर प्रेसिडेंट असं वाचलं आणि विचारलं की ह्या माणसाकडे सगळ्या किल्ल्या असतात का, आणि परेड संपल्यावर सगळ्या खुर्च्या त्यानेच उचलल्या का. तिच्या शाळेतला केअरटेकर तेच करतो ना! मी हसले, मग त्या परेडमध्ये काय झालं होतं ते आठवलं आणि विषय बदलला.

फेब्रुवारीचं एवढं मनावर घेऊ नका. रागावलात तरी माया असू द्या.

आपली,
वैजयंती


नॉटिंगहॅम, १८ जानेवारी १९८३

चि. वैजूस,
अ. उ. आ.

खोकल्याचं वाचून जीव टांगणीला लागला. जी.पी. डॉक्टरकडे नेलंस का? छातीत घरघर आहे का ते कळव. तुझ्या ताईचं, मधुमतीचंही आधी नुसत्या खोकल्यावर निभावेल असंच आपण धरून चाललो होतो.

वीणाला सांग, त्याच्याकडे किल्ल्या नव्हत्या. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अशा माणसाला हंगामी राष्ट्रपती म्हणतात, कधी काळजीवाहू. म्हणजे काळजी वाहणारा. सूफी अबू तालिब हे मूळचे कायद्याचे प्राध्यापक, रोमन कायदा शिकवायचे. मग कैरो विद्यापीठाचे प्रमुख झाले, अठ्ठ्याहत्तर साली संसदेचे सभापती. एक्याऐंशीच्या सहा ऑक्टोबरला लष्कराच्या परेडमध्येच राष्ट्रपतींना गोळ्या घातल्या आणि राज्यघटनेप्रमाणे देश ह्यांच्या हातात आला. नवा राष्ट्रपती निवडायला साठ दिवसांची मुदत होती. ह्यांनी आठ दिवसांत सोपवून टाकला आणि पुन्हा सभापतीच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथल्या घटनेत आणखी एक कलम आहे, हंगामी माणसाला स्वतः त्या जागेसाठी उभं राहता येत नाही. चौथ्या प्रकरणाचा सगळा भर त्यावरच आहे, तेव्हा ती पानं जपून टाइप कर.

मी वीणाची खोली रंगवली. आधी पिवळी, मग वाटलं तिला पिवळा आवडत नसेल. मला माहीतच नाही काय आवडतं ते. ख्रिसमसला आलो तर तिनं मला चहात साखर किती असं विचारलं, पाहुण्यांना विचारतात तसं. तुला खोटं कशाला सांगू, ट्रेनमध्ये बसून रडलो. म्हणून घाई करतोय. आणखी एक वर्ष गेलं तर मी तिला पत्रातला बाबाच राहीन.

बारा फेब्रुवारीला, शनिवारी, न्यायला येतो. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा,
शशिधर


ग्लासगो, ३ फेब्रुवारी १९८३

ती. भाऊजी यांस,
कृ. सा. न. वि. वि.

बाराला येऊ नका. वीणाला कांजिण्या आहेत.

पान एकशेबारा टाइप केलं. दोनदा केलं, कारण पहिल्यांदा रागाच्या भरात चुका केल्या. हंगामी माणसाला स्वतः उभं राहता येत नाही! मुदत होती तरी त्यानं ताणली नाही! भाऊजी, मला सरळ सांगायचं होतंत. एवढं मिसरला वळसा घालून कशाला आलात? आणि ते माझ्याच हातून टाइप करून घ्यायचं, वर जपून कर म्हणायचं. मी हंगामी होय? म्हणजे काय, आंब्याचा स्टॉल?

त्या गृहस्थांनी आठ दिवसांत सोडलं, त्यांचं कौतुकच आहे. पण देश काही रात्री उठून त्यांच्या पांघरुणात शिरत नव्हता. देशाचे दुधाचे दात पडले नव्हते त्यांच्या हातावर. मला चौतिसावं लागलंय. दोन स्थळं ह्या पोरीपायी परत पाठवली आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटलेलं नाही. भीती वाटते ती शनिवारची. ती गेली की शनिवारी मी करू काय?

कांजिण्या शेजारच्या मुलीला आहेत. वीणाला नाहीत. खोटं लिहिलं. पाकीट बंद करायच्या आत कबूल केलं, एवढं तरी माना.

फार बोलले. तोडू नका मात्र.

आपली,
वैजयंती


नॉटिंगहॅम, ९ फेब्रुवारी १९८३

चि. वैजूस,
अ. उ. आ.

तुझ्या गळ्याशप्पथ, ते प्रकरण मी कैरोतच लिहिलं, एक्याऐंशीच्या नोव्हेंबरात. कच्च्या पानांवर तारखा आहेत, हवं तर पाठवतो. तेव्हा गावात सगळीकडे सैनिक होते आणि माझ्या डोक्यात त्या आठ दिवसांखेरीज काही नव्हतं. तुझा विचारही मनात आला नव्हता.

पण तोच तर माझा गुन्हा आहे, नाही का? तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं. मिसरच्या घटनेनं निदान साठ दिवस तरी लिहून ठेवले होते. मी तुला पोर दिली, सहा महिने म्हणालो आणि मग तारीखच सांगितली नाही. तू घर केलंस त्यात, करणारच. लोकांच्या राज्यघटनेवर चारशे पानं लिहिणाऱ्या माणसाला घरातलं एवढं कळू नये!

मी बाराला येत नाही. मला वीणा हवी आहे, हे लपवत नाही, पण ठरवायचं तूच. ती तिथेच राहावी असं म्हणालीस तर मी दर शुक्रवारी ग्लासगोची गाडी धरीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. तारीख तू सांग, किंवा तारीख नाही असं सांग. एप्रिलमध्ये माझी व्हायवा, थिसिसची तोंडी परीक्षा आहे, तिची मुळीच धाकधूक नाही. पोस्टमनची आहे.

माझ्यावर रुसलीस तरी चालेल, परकं मानू नकोस.

तुझा,
शशिधर


ग्लासगो, २३ मार्च १९८३

ती. भाऊजी यांस,
कृ. सा. न. वि. वि.

सहा आठवडे गप्प बसले, माफ करा. तुम्ही निवाडा माझ्यावर सोडलात आणि माझी झोप उडाली. भांडला असतात तर सोपं गेलं असतं. थिसिस पूर्ण टाइप झाला, वेगळ्या पार्सलनं पाठवलाय. एकशेबारावं पान नीट आलंय.

तेराला इथे मदर्स डे झाला. वीणानं शाळेत कार्ड केलं, वर कापसाची मेंढी, आत टू ममी. माझ्या हातात दिलं. मला इतका आनंद झाला की बघतच राहिले. मग ते शेकोटीवरच्या मँटलपीसवर ठेवायला गेले तर जागा नव्हती, म्हणून मी ताईचा फोटो बाजूला सरकवला. सहज सरकवला, भाऊजी, मीठ-मसाल्याची बरणी सरकवावी तसा. आणि हात तिथेच थांबला. तिच्या जागेसाठी मी स्वतःच उभी राहिले होते की. रात्रभर ताईशी बोलत होते.

येत्या शनिवारी, सव्वीसला, मी तिला घेऊन येतेय. दुपारी स्टेशनवर या. तिला पिवळा रंग आवडतो, खोली पुन्हा रंगवायला जाऊ नका. भाताला तूप जास्त लागतं. केस विंचरताना ओरडते, पण दुखत नसतं. नाटक करते. रुसली तर दहा मिनिटं तिकडे बघायचं नाही. तुम्हाला जमणार नाही, पण बघू नका.

आता जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते लिहिते. तुम्ही आलात की ती मला कुठल्याच नावानं हाक मारायची नाही. एरवी ती मला आई म्हणते. पहिल्या हिवाळ्यात तापात म्हणाली आणि मी टोकलं नाही. पुढेही कधी टोकलं नाही. काल तिला जवळ घेऊन सांगितलं की आई फोटोतली, मी मावशी, आणि तेच म्हणायचं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, आजपासून म्हणू की शनिवारपासून.

मी म्हटलं, शनिवारपासून.

पोरीवर जीव लावा, उरला तर मलाही थोडा.

आपली,
वैजयंती