शुक्रवारची ट्रायल

बाबा, मी आता मस्कतपासून दोन तासांवर, सोहारला राहते. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करते आणि शुक्रवारी गाडी चालवते. गाडी माझी स्वतःची आहे. जुनी, जपानी, दोन सीटची, बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे वर येणारी. तुमच्या त्या अर्बाबची, अरब शेठची होती तशीच, फक्त त्याची लाल होती आणि माझी पांढरी आहे. निघण्याआधी मी चारही टायरची हवा दोनदा बघते, तेल बघते, घराचं कुलूप ओढून बघायला परत वर जाते. मग मस्कतच्या हायवेवरून आमरात आणि तिथून कुरियातचा डोंगररस्ता. शेजारच्या सीटवर पाण्याची बाटली असते. तिथे कोणाला बसवावं असं वाटतं कधी कधी, पण ऑफिसातल्या मुलींना माझी गाडी कडक लागते आणि खूप खाली बसल्यासारखं वाटतं. एक जण एकदाच आली आणि परत येताना टॅक्सीने गेली.

मला शाळेत जागा मिळायला दोन वर्षं लागली होती, आठवतं? तोवर माझी शाळा म्हणजे मस्कतमधल्या हमरियाच्या त्या खोलीतलं स्वयंपाकघर आणि तुमचं गॅरेज. आईने पाटीवर अक्षरं शिकवली, आकडे मात्र तुम्ही शिकवलेत, पान्यांवरून. दहा, बारा, चौदा, सतरा. त्यामुळे अकरा नावाचा आकडा असतो हे मला उशिरा कळलं, आणि आई तुमच्यावर किती चिडली. तुम्ही मला उघड्या बॉनेटसमोर स्टुलावर उभं करता, इंजिन चालू करता आणि माझा हात मागे खेचता. "आधी ऐक गो, मगे हात लाव. गाडी बोलता, तू गप रव." मी डोळे मिटते, कारण डोळे उघडे असले की मला नीट ऐकू येत नाही. तुम्ही विचारता, चार सिलिंडरांपैकी कोण खोकतंय? मी बोट दाखवते. चुकते. परत डोळे मिटते.

अर्बाबची लाल गाडी तुमच्याकडे सांभाळायला होती. तो आठवडाभर कामात, गाडी उभी राहून खराब होऊ नये म्हणून दर शुक्रवारी तिला गोलचक्करापर्यंत फिरवून आणायचं, असं ठरलं होतं. तुम्ही त्याला ट्रायल म्हणायचात. सकाळी सहाला आपण दोघं निघायचो आणि अकराला परत यायचो. आई दारातच म्हणायची, "एवढा काय बिघाडला त्या गाडीचा? माझ्या मिक्सरची ट्रायल कधी?" तुम्ही म्हणायचात, "मिक्सराक गियर खंय आसत?"

गाडीत बसलात की तुम्ही सेफ्टी बूट काढून माझ्या पायाशी ठेवायचात आणि नुसत्या मोज्यांवर चालवायचात, कारण पेडल जवळजवळ होती आणि तुम्हाला अंगठ्याने ब्रेक दाबता दाबता टाचेने रेस देऊन इंजिनला थोडं चढवायचं असायचं. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात कधीच नाही. वळणापलीकडे खडी असेल, बकरी असेल, हे धरूनच चालायचं. तुम्ही उगाच कधी पळवली नाहीत हे मला आता कळतं, स्वतः चालवताना. तेव्हा मात्र मला कळायचं ते एवढंच की गोलचक्कर केव्हाच मागे गेलं, गाडी दुसऱ्याची आहे, आणि सरळ रस्त्यावर काटा एकशेवीसच्या पुढे गेला की डॅशबोर्डमधली घंटा टिंग-टिंग वाजायला लागते. "आरती सुरू झाली गो," तुम्ही म्हणायचात. मला हसू यायचं नाही. ती घंटा पोलिसांना ऐकू जाते अशी माझी समजूत होती. नंतर ती समजूत गेली, तरी अर्बाबला ऐकू जात असेल असं वाटत राहिलं. दर वेळी परतताना तुम्ही विचारायचात, "भियालस काय गो?" आणि मी खरं सांगायची. हो.

शेवटच्या शुक्रवारी मी बारा वर्षांची होते. कुरियातच्या उतारावर तुम्ही सलग सात-आठ वळणं घेतलीत, एकही झटका न देता, आणि मी दाराचं हँडल धरून डोळे घट्ट मिटून बसले होते. खाली आल्यावर गाडी बाजूला घेतलीत. इंजिन बंद केलं नाहीत. नेहमीचंच विचारलंत. मी हो म्हटलं. तुम्ही बूट चढवलेत आणि बूट घालूनच परत आलात. पुढच्या शुक्रवारी आपण कुठेच गेलो नाही. आई म्हणाली, अर्बाबने गाडी दुसऱ्या गॅरेजला दिली. तुम्ही म्हणालात, "खलास. बरा झाला." आणि जुन्या टूथब्रशने नखं घासत राहिलात, दुपारपर्यंत. त्यानंतर तुम्ही जेमतेम चार वर्षं होतात. तेवढ्या काळात अशी गाडी तुमच्या हाताखाली परत आलीच नाही. मी त्या अर्बाबवर तेव्हापासून राग धरून होते. बाबांच्या आयुष्यातली एक गोष्ट त्याने काढून घेतली, असं.

गेल्या महिन्यात तो मला भेटला. थंडीत शुक्रवारी सकाळी मत्रहला बंदराजवळ जुन्या गाड्यांचे मालक जमतात, चहा पितात, एकमेकांची बॉनेटं उघडून बघतात. मी लांब उभी राहते. लाल गाडी लांबूनच ओळखली. तो काठी टेकत खुर्चीवर बसला होता, गाडी मुलगा चालवतो आता. मी तुमचं नाव सांगितलं. तो उठायला गेला, जमलं नाही, मग माझा हात धरून बसवून घेतलं.

"तुम मिस्त्री का बेटी? वो डरने वाला?"

मी म्हटलं, कोण घाबरणारी?

"मैं उसको बोला, मीटर तो मैं भी देखता है, हर जुमा कुरियात जाता है तुम, जाओ, कोई मुश्किल नहीं. फिर एक दिन चाबी लेके आ गया. बोला, अर्बाब, बेटी डरता है, और अकेला मैं नहीं जाएगा. मैं बोला, बेटी को घर छोड़ के जाओ ना. बोला, ला, ला, नहीं. खलास." मग तो म्हणाला, "चलाएगा? एक चक्कर?" आणि मुलाकडे चावीसाठी हात पुढे केला.

मी नको म्हटलं. माझी गाडी तिकडे उभी आहे म्हटलं. सोहारपर्यंत मी ऐंशीने आले आणि मागचे सगळे हॉर्न देत होते.

हे आईला सांगायला कुडाळला फोन लावला होता, पण ती गुडघ्याचं बोलली आणि मी ऐकून घेतलं. तुम्हाला सांगतेय, आणि हे पाठवायचा पत्ता नाही हे मला कळतं. तुम्ही मला खरं बोलायला शिकवलंत आणि माझ्या शब्दावर तुमचा पूर्ण विश्वास होता. म्हणून तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. पण त्या उतारावर मी डोळे मिटले होते ते ऐकायला. प्रत्येक वळणाआधी इंजिन एक श्वास वर घेत होतं आणि तो कधी येणार हे मला तुमच्याही आधी कळत होतं. गाडी दुसऱ्याची, गोलचक्कर मागे राहिलेलं, आणि असं असताना आवडलं म्हणणं मला चूक वाटलं. चुकीत सामील झाल्यासारखं. म्हणून मी हो म्हटलं. भ्याले नव्हते, बाबा. आणखी एकदा वर जाऊन परत उतरूया, असं म्हणायचं होतं.