ओवीशिवाय दळण

हौसा,

उठल्यावर जात्याकडं जाऊ नकोस. आजचं दळण मी दळलंय. पीठ जाडंभरडं झालंय, पण भाकरी होईल. आई थापणार हाय.

काल तू सुईणीचं काम करतीस त्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटलो. तुला सांगितलं न्हवतं. तुझी छाती धडधडती, हात कापतो, झोप उडालीय, सगळं सांगितलं. आई म्हणती दृष्ट लागली. डॉक्टर म्हणाले, "दिवसरात्र दुसऱ्याच्या बाळंतिणीची काळजी, वर घरचं काम. याला बाटलीतलं औषध न्हाय." मग विचारलं, "पहाटं घरी जातं कोण ओढतं?" म्हणालो, "हौसाच. मी तवा निजलेला असतो."

आज पहाटं तू काटेवाडीची अडलेली बाळंतीण सोडवून आलीस आन् उंबऱ्यावरच बसलीस. तुला निजवलं आन् दार लावून दळायला बसलो. लाज वाटत हुती. जातं फिरतंय आन् ओवी न्हाय, हे ऐकून शेजारच्या ठमाबाई धावत आल्या. तुला काय झालं म्हणून घाबऱ्याघुबऱ्या. तवा मी दार सताड उघडलं. म्हणालो, "ती निजलीय. रातीत दोन जीव वाचवून आलीय. पीठ काय, मी बी दळीन."

आळीतल्या बायका बघून गेल्या. हसल्या बी. हसू दे.

उसाला पाणी द्यायला चाललोय. उद्या बी पहाटं उठायचं न्हाय. दार उघडंच ठेवून मीच दळणार हाय. तेवढी एक ओवी मला शिकवून ठेव.

सावळाराम