आबांच्या खोलीतला जुना डबा

मंगळवार, २ डिसेंबर
फायबर लागलं एकदाचं. टेलिफोनच्या तारेवरचं जुनं कनेक्शन आजपासून बंद. नवा पांढरा डबा पुढच्या खोलीत बसवला. आबांची खोली मागे, मध्ये ही जाडजूड दगडी भिंत. तिथं वायफाय पोचत नाही. मोबाईलच्या रेंजची तर औंढ्यात आधीपासूनच बोंब.

फायबरवाला आबांच्या खोलीतला जुना काळा मोडेम बघून म्हणाला, भंगारात टाका. तुमचं काम झालं ना, मग निघा, म्हटलं. उगाच तोडून बोलले. पण तो डबा ह्यांनी बसवलेला. खुर्ची ओढून तासन् तास त्याच्याशी खटपट करायचे.

संध्याकाळी मुक्ताचा व्हिडिओ कॉल लागला नाही. लेक नाशिकला नर्सिंग शिकते, रोज फोनवर गप्पा मारत आजोबांना जेवायला लावते. खुब्याचं हाड मोडल्यापासून आबा पलंगावरच, त्यांना पुढच्या खोलीत आणणार कसं? अर्धी भाकरी तशीच राहिली.

गुरुवार, ४ डिसेंबर
म्हटलं, मागच्या खोलीसाठी एक छोटा राउटर आणते. आबा एकदम कडक. "वरीस व्हायच्या आत माज्या खोलीत नवी वस्तू न्हाई आणायची." ह्यांचं वर्षश्राद्ध जानेवारीत. मग पुढच्या खोलीत नवा डबा आला त्याचं काय, मी विचारलं. तर म्हणे, तो कंपनीचा, आपण कुठं विकत घेतला? सासरे नव्हे, वकील आहेत वकील.

आज तर चारच घास. मी ताट आपटलं. मग स्वयंपाकघरात आले आणि वाईट वाटत राहिलं.

शनिवार, ६ डिसेंबर
ड्यूटीवर शफीकभाईंना विचारलं. आमच्या हॉटेलचं वायफाय तेच बघतात. म्हणाले, ताई, जुना मोडेम कशाला टाकता, चालेल की. नव्या डब्यातून वायर काढायची आणि जुन्याला जोडायची. टेलिफोनचं भोक सोडून शेजारच्या भोकात. स्टोअरमध्ये पडलेली जुनी वायर मॅनेजरना विचारून त्यांनीच काढून दिली. वायरही जुनीच! आबांच्या कायद्यात अगदी चपखल.

रविवार, ७ डिसेंबर
झरोक्यातून वायर मागे नेली, जोडली. दिवे लागले. आणि पुढच्या खोलीतलंही इंटरनेट गेलं. माझं नशीबच मेलं असं.

वायर काढली, पुढचं नेट परत आलं, मग शफीकभाईंना फोन. म्हणाले, दोन्ही डबे आता कारभार करतायत. घरातल्या प्रत्येक फोनला नंबर वाटायचं काम एकानंच करायचं असतं, जुन्याला ते बंद करायला सांगा. सांगणार कसं? आत शिरायला पासवर्ड मागतो. वायफायचा पासवर्ड घरात सगळ्यांना पाठ, पण हा आतला ह्यांनी बदललेला, कुणाला न सांगता. मुक्ताची जन्मतारीख टाकली, आबांचं नाव टाकलं. लग्नाची तारीखही टाकली, जी ह्यांना कधी आठवली नाही. नाहीच.

एकच उपाय. मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरायची, सगळं पुसलं जातं. वायफायचं नावसुद्धा.

ते नाव. इंग्रजी अक्षरांत 'आबा झोपलेत'. मॅच लावली की झोपमोड होते म्हणत आबा ओरडायचे, म्हणून ह्यांनी ठेवलेलं. येणारेजाणारे फोनवर बघून हसायचे, आबांना मात्र आजवर पत्ता नाही.

टाचणी घेतली. परत डबीत ठेवली.

मंगळवार, ९ डिसेंबर
मुक्ता म्हणाली, आई, नाव परत टाकता येतं गं. मी म्हटलं, मी टाकलं की ते माझं होईल, बाबांचं नाही राहणार. मग दोघी रडलो.

आबा दूधभातावर आले. भाकरी नकोच म्हणतात.

गुरुवार, ११ डिसेंबर
सुट्टी. दुपारी दाबली टाचणी. सगळे दिवे विझले. मग एकेक करत लागले. शफीकभाई फोनवर सांगत गेले, मी करत गेले. दोन्ही डब्यांचा पत्त्याचा आकडा एकच होता, जुन्याचा बदलला. नंबर वाटणं बंद केलं. शेवटी नाव टाकलं, अक्षर न् अक्षर तेच. पासवर्डही तोच जुना.

आणि आबांच्या उशीखाली फोन वाजला. एकदा, दोनदा, मग वाजतच राहिला.

उशी उचलली. ह्यांचा फोन. मला वाटत होतं कपाटात आहे. उशाशी कायम लोंबणारा तो चार्जर आबांच्या बटणांच्या फोनचा नव्हताच. ह्यांच्या मित्रांचा ग्रुप अजून रोज सकाळी सुप्रभात टाकतो, वायफाय होतं तोवर तो वाजायचा. आबांना मेसेज उघडता येत नाहीत. नुसता आवाज ऐकायचे. नाव-पासवर्ड तेच, म्हणून फोन आपोआप जोडला गेला.

"लय दिस वाजला न्हवता गं, सुनंदा. मला वाटलं, आता ह्योबी गेला."

मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. नव्या वस्तूचा नेम खरा असेलही, पण माणूस ह्या आवाजासाठी घास सोडून बसला होता आणि मी ताट आपटलं.

संध्याकाळी मुक्ताचा कॉल लागला. आबांनी आख्खी भाकरी खाल्ली, वर वांग्याचा रस्सा मागून घेतला.

शनिवार, १३ डिसेंबर
नणंदेचा फोन होता. वर्षश्राद्धानंतर दादाचे कपडे, चप्पल, घड्याळ, काय कुणाला द्यायचं ते ठरवून ठेव म्हणाली. मी हो म्हटलं. आबा ऐकत होते. ह्यांच्या फोनचं मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. उशी जरा पुढे ओढून घेतली तेवढी.

मग राहवलं नाही, वायफायचं नाव सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं. आबांनी त्या हिरव्या दिव्यांकडे बघितलं.

"त्याला म्हणावं, जागा हाय मी."